उजवीकडचा ठिपका

माझ्यावर एकदम विश्वास ठेवू नका. मी तसबीर बोलतेय. जालन्यात जगन्नाथरावांच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या वर, पूर्वी जिथं कॅलेंडर होतं त्याच खिळ्यावर मी टांगलेली आहे. माझ्यात देव नाही, कुणाचे आजोबाही नाहीत. काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर मधोमध एक पांढराशुभ्र गोळा, त्याच्याभोवती तिरपी, चपटी, नारिंगी चकती, आणि चकतीच्या उजव्या काठावर एक ठसठशीत तेजस्वी ठिपका, एवढंच. पाहुणे येतात, चष्मा सावरतात, "वा वा" म्हणतात आणि चिवड्याकडे वळतात. त्या "वा वा"वर माझा कधी विश्वास बसला नाही.

माझा स्वभाव संशयी आहे आणि त्याला कारण माझा जन्म. साध्या फोटोतला माणूस निदान कॅमेऱ्यासमोर उभा तरी राहिलेला असतो. माझ्यातला तारा असा कुणालाच दिसलेला नाही. तो भयंकर तापलेला तारा आहे आणि स्वतःभोवती इतक्या जोरात गरगरतो, की त्याचाच वायू त्याच्या कमरेतून बाहेर फेकला जातो आणि चकती होऊन भोवती फिरत राहतो. पण तो इतका लांब, की मोठ्या दुर्बिणीतूनही नुसता बिंदू दिसतो. म्हणून माणसांनी काय केलं, तर परदेशातल्या एका डोंगरावर लांब लांब सहा दुर्बिणी मांडल्या, सगळ्यांतला उजेड नळ्यांतून एका खोलीत आणला आणि एकमेकांत मिसळला. असा उजेड मिसळला की उजेड-अंधाराचे बारीक पट्टे पडतात. ते किती ठळक आहेत, किती सरकलेत, एवढंच मोजायचं. म्हणजे तारा कुणी बघत नाही, पट्टे बघतात. मग असे पट्टे पडायला तिकडे नेमकं काय असलं पाहिजे, याचा अंदाज कॉम्प्युटर बांधतो. तो अंदाज म्हणजे मी.

माझा रंगसुद्धा माझा नाही. तारा निळसर पांढरा आहे. नारिंगी रंग गंधालीनं दिला, रोलिंग मिलमधून तापून निघणाऱ्या सळईचा. लहानपणी बाबांच्या स्कूटरवरून एमआयडीसीकडे जाताना तो तिनं पाहिला होता म्हणे. आता जिच्या अंगावर रंगदेखील उसना, तिनं संशयी होऊ नये तर काय करावं?

गंधाली ही जगन्नाथरावांची एकुलती एक मुलगी. पुण्यात राहून ताऱ्यांवर संशोधन करते. जगन्नाथराव सरकारी कचेरीत नोकरीला, माणूस हळवा आणि बोलघेवडा. तिची आई उमाताई बियाण्याच्या एका कंपनीत तपासणीच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांचं काम बियाण्याची शुद्धता बघायचं. पोत्यावर काय छापलंय ते त्या वाचतच नाहीत. पोत्यातलं बी काढून शेतात पेरायचं, झाडं उभी राहिली की ओळीओळीतून हिंडायचं आणि वेगळं दिसेल ते झाड टिपायचं. घरातही तेच. दूधवाला, भाजीवाला, टीव्हीवरच्या बातम्या, कुणीही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. या घरात मला पहिल्या दिवसापासून आपलं माणूस वाटलं ते उमाताईच.

उन्हाळ्यात गंधाली घरी आली ती मला घेऊनच, म्हणजे मी तेव्हा तिच्या लॅपटॉपमध्ये होते. तिनं बाबांना माझा ठिपका दाखवला. म्हणाली, "बाबा, हा बहुतेक दुसरा तारा आहे. यानंच आपला वायू ओतून मोठ्याला एवढं गरगरवलं असणार. असा जोडीदार आजवर फार थोड्या ताऱ्यांच्या चित्रात सापडलाय." तिनं "बहुतेक" म्हटलं होतं. मी स्वतः ऐकलं. जगन्नाथरावांच्या कानापर्यंत ते पोचलं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझी मोठी प्रत काढून आणली आणि कडूबा काचवाल्याकडे फ्रेमला टाकली. कडूबानं मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"साहेब, ह्याची वरची बाजू कोन्ती?"

"अरे, तारा हाय तो. माझ्या पोरीनं शोधला."

"मंग तर सोनेरी पट्टी लावू," कडूबा म्हणाला. तारा खरा की खोटा हे त्यानं विचारलं नाही. गिऱ्हाईक खूश आहे, एवढं त्याला पुरलं.

आठवड्यात गावातल्या एका वर्तमानपत्रात बातमी आली, 'जालन्याच्या लेकीने शोधला नवा तारा'. बातमीतून "बहुतेक" तर गेलंच, जोडीदारही गेला, थेट नवा ताराच आला. जगन्नाथरावांच्या कचेरीतले रामराव एका मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी घरी येऊन सत्काराची तारीख ठरवली. गंधाली नको नको म्हणत होती. "अहो काका, लेख अजून छापायला पाठवलापण नाही." रामराव म्हणाले, "लेख होत राहील पोरी. हॉल मिळून राह्यलाय रविवारचा, तो जाईल." माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

आणि मग राजानंद आला.

राजानंद मंठ्याचा. गंधालीच्याच गटात काम करतो, तोही सुट्टीला गावी आलेला. जीपमधून उतरून घामाघूम घरी आला, पाठीवर लॅपटॉपची बॅग. जगन्नाथरावांनी त्याला पाणी दिलं, कूलरसमोर बसवलं आणि आडनाव विचारलं. त्यानं सांगितलं. थोड्या वेळानं "मंठ्यात कोणत्या भागात रे?" असंही विचारलं. त्यानं तेही सांगितलं, अगदी शांतपणे, म्हणजे हा प्रश्न त्याला नवीन नसावा. मग तो गंधालीला म्हणाला,

"आपण तीन रात्रींची मापं घेतली होती. तिसरी रात्र तू बाजूला ठेवलीस."

"ढग होते त्या रात्री, राजा. पातळ होते, पण होते."

"होते. मी नुसत्या त्या तिसऱ्या रात्रीवरून चित्र काढून पाह्यलं. चकती बराबर येते. ठिपका येत न्हाई."

गंधालीचा चेहरा पडला, मग ताठ झाला. "खराब रात्रीवरून तू चांगल्या दोन रात्री खोट्या ठरवणार?"

"मी काही ठरवून न्हाई राह्यलो. सोमवारी लेख जायचाय. तू थांब, एवढंच म्हणतो."

तो चहा घेऊन गेला. दार लागताच जगन्नाथराव उसळले. "पाह्यलंस? सत्काराचं ऐकून आल्ता तो. तुझं नाव पहिलं हाय ना लेखावर, ते खुपून राह्यलंय त्याला. ही माणसं..." उमाताईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी पुढचं वाक्य गिळलं.

खरं सांगते, मलाही त्याचा संशय आला. माझा ठिपका काढायला निघालेला माणूस मला कसा आवडावा? ठिपक्याशिवाय मी कोण? अशा चकत्या दुसऱ्या पुष्कळ ताऱ्यांच्या आहेत. पण माझा संशय एका जागी टिकत नाही. जगन्नाथराव जितके तावातावानं बोलू लागले, तितका मला त्यांचाच संशय येऊ लागला. आडनाव त्यांनी कशाला विचारलं? त्याचा पट्ट्यांशी काय संबंध?

गंधाली दोन दिवस तेच आकडे पुन्हा पुन्हा चाळत बसली. शुक्रवारी जेवताना जगन्नाथराव तिची समजूत काढू लागले.

"मला एक समजावून सांग. मशिनीनं दोन रात्री ठिपका दाखवला ना? मंग मशीन खोटं कशाला बोलंल?"

"मशीन खोटंच बोलतं बाबा, नेहमीच. हवा हलते, आरसे तापतात, पट्टे थोडे सरकतातच. म्हणून आपला तारा बघून झाला की लगेच शेजारचा एक साधा तारा बघायचा. एकटा, नुसता बिंदू, ज्याच्यात काही भानगड नाही असा. त्याचे पट्टे सरळच यायला पाहिजेत. नाही आले, तर तेवढी चूक मशीनची धरायची आणि आपल्या ताऱ्यातून वजा करायची."

"म्हणजे आमची तुलनेची ओळ," उमाताई म्हणाल्या. "आम्ही शंकेच्या बियाण्याच्या बाजूला खात्रीच्या बियाण्याची एक ओळ लावतो. हिच्यापेक्षा वेगळं दिसलं तर ते भेसळ."

"तेच, आई."

"तुमची खात्रीची ओळ कोणती होती?"

"पहिल्या दोन रात्री एक तारा होता, सगळे तोच वापरतात. तिसऱ्या रात्री तो ढगाआड गेला, म्हणून दुसरा..."

गंधालीचा घास हातातच राहिला. मी वरून तिचा चेहरा पाहत होते. ती माझ्याकडे बघत होती, पण मला बघत नव्हती. पहिल्या दोन रात्रींचा तो भरवशाचा तारा यादीत एकटा म्हणून लिहिलेला होता. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं वाचून वापरला, तिसऱ्यानं दुसऱ्याचं बघून. तो खरंच एकटा आहे का, हे कुणी बघितलंच नव्हतं. तोच दुकटा, म्हणजे दोन ताऱ्यांची जोडी निघाला तर त्याचे पट्टे मुळातच वाकडे असणार. तो वाकडेपणा मशीनच्या माथी मारून माझ्या ताऱ्यातून वजा केला असणार. आणि मग माझा ठिपका त्या चुकीच्या वजाबाकीतून उमटलेला, माझ्या ताऱ्याचा नव्हेच.

तिनं राजानंदला फोन लावला. "राजा, जल्दी ये. लॅपटॉप घेऊन ये. माझं चुकलं असेल बहुधा." या वेळी "बहुधा" सगळ्यांनी ऐकलं.

शनिवारी भरदुपारी ते झालं. तिकडच्या डोंगरावर तेव्हा रात्र असते. गंधालीनं तिथल्या लोकांना विनवून थोडा वेळ मागून घेतला होता. फक्त त्या भरवशाच्या ताऱ्याकडे बघायचं आणि त्याच्या शेजारी दुसरा साधा तारा ठेवून पडताळायचं. बाहेर ऊन रणरणत होतं, पडदे ओढलेले. वीज गेली तर म्हणून जगन्नाथरावांनी इन्व्हर्टरवरचे पंखे बंद करून ठेवले होते, नुसता इंटरनेटचा डबा चालू. चौघंही घामानं निथळत पडद्यासमोर बसले होते. राजानंद पट्ट्यांचे आकडे वाचत होता, गंधाली त्यांची रेघ काढत होती. रेघ सरळ आली तर तो तारा एकटा, मग ठिपका खरा, लेख खरा, उद्याची शाल खरी. मी काचेआड श्वास रोखून होते. मला श्वास नाही हे मला माहीत आहे, पण तेव्हा तसंच वाटलं.

रेघ सरळ आली नाही. आधी वर गेली, मग खाली वाकली, पुन्हा वर.

"अजून एकदा घेऊ," गंधाली म्हणाली. पुन्हा घेतली. तशीच आली.

राजानंद हळूच म्हणाला, "दोन हायेत ते." त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर मी शोधत होते. सवयच माझी. तो सापडला नाही. त्यानं रुमाल काढून घाम पुसला आणि गंधालीकडे न बघता तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

तो गेल्यावर गंधाली रडली. उमाताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. जगन्नाथराव येरझाऱ्या घालून थांबले आणि म्हणाले,

"आपल्याला उद्याचा दिवस काढायचा. मंग सांग ना. सोमवारी सांग, लेख मागं घे, काही कर. उद्या फक्त गप्प राह्य. जाफराबादहून आत्या येऊन राह्यलीय, कचेरीतले सगळे येणार हायेत. मी कोणत्या तोंडानं..."

"बाबा, मी उद्या गप्प बसले तर परवा कोणत्या तोंडानं बोलू?"

"खोटं बोल म्हणून मी म्हणतच न्हाई. गप्प राह्य म्हणतो."

"ठिपका भिंतीवर असताना गप्प राहणं म्हणजे काय असतं मग?" उमाताईंनी विचारलं. जगन्नाथराव तडक आतल्या खोलीत गेले. संध्याकाळी जेवायलाही उठले नाहीत.

रविवारी मला हॉलवर नेलं. व्यासपीठावर खुर्चीत बसवलं आणि कुणीतरी उत्साहानं माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. हार घातलेल्या तसबिरीचा अर्थ आपल्याकडे काय होतो, हे त्या माणसाच्या डोक्यात आलं नसावं. पण मला वाटलं, बरोबर आहे, माझेच दिवस भरलेत आज.

रामरावांचं भाषण झालं. त्यात जालना होतं, लेक होती, गगनभरारी होती. मग गंधाली उभी राहिली. तिनं सांगितलं, की तिनं नवा तारा शोधलेला नाही. तिला जोडीदार सापडल्यासारखं वाटलं होतं, तेही चुकीचं निघालं. हा उजवीकडचा ठिपका खोटा आहे आणि राजानंदनं तो वेळेवर पकडला.

रामरावांनी लगेच माईक ओढला. "पाह्यलंत? याला म्हणतात विनय! एवढं मोठं काम करून पोरगी म्हणते मी काहीच न्हाई केलं!" आणि सगळा हॉल टाळ्यांनी दणाणला. आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. माझा संशय खूप लांबवर जातो, पण एखाद्यानं खरं सांगावं आणि त्याचाच हार करून त्याला घालावा, इथपर्यंत तो कधी गेला नव्हता. गंधाली हात हलवत होती, "काका, नाही, ऐका," म्हणत होती. शाल तिच्या खांद्यावर आलीच होती.

तेव्हा पहिल्या रांगेतून जगन्नाथराव उठले. पायऱ्या चढून वर आले. मला वाटलं, आले आता फोटो काढून घ्यायला. त्यांनी लेकीच्या खांद्यावरची शाल काढली, घडी केली, रामरावांच्या हातात दिली आणि माईक घेतला. घसा दोनदा खाकरला.

"मी हिचा बाप. बातमी मी दिल्ती, हिनं न्हाई. हिनं 'बहुतेक' म्हणलं होतं, ते मी सांगितलंच न्हाई कोणाला. ती विनय करून न्हाई राह्यली. ती सांगते ते बिलकुल खरं हाय. ठिपका खोटा हाय." ते थांबले. हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. "हे पोरगं सांगायला आल्तं घरी. तर मी त्याच्या कामाचं काही विचारलं न्हाई, त्याचं आडनाव विचारलं. वर मंठ्यात कोणत्या भागात राह्यतो तेबी विचारलं. मला वाटलं, जळून राह्यला असंल. राजानंद, कुठं हायेस बाबा? वर ये."

राजानंद मागं दाराशी उभा होता. तो लगेच आला नाही. जगन्नाथरावांकडे बघत उभा राहिला, आणि त्या बघण्यात मला ओळखीची गोष्ट दिसली. त्याला संशय येत होता. येणारच की. त्याला संशय यायला या हॉलमध्ये सगळ्यांपेक्षा जास्त कारण होतं. जगन्नाथराव माईक खाली ठेवून व्यासपीठावरून उतरले, रांगांमधून चालत दारापर्यंत गेले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. वर तो आलाच नाही. दोघं तिथंच, शेवटच्या रांगेत शेजारी शेजारी बसले.

त्या बातमीची दुरुस्ती काही छापून आली नाही. रामराव अजून तोंड वाकडं करतात. गंधालीच्या लेखातून जोडीदार गेला आणि साधी, सारखी, ठिपका नसलेली चकती तेवढी राहिली. लेखाची दखल मोजक्या लोकांनी घेतली. त्या भरवशाच्या ताऱ्याविषयी मात्र तिनं आणि राजानंदनं मिळून एक छोटं टिपण लिहिलं, की हा दुकटा आहे, याच्यावरून मापं घेऊ नका. त्यावर नाव राजानंदचं पहिलं. जगभरातल्या कुणाकुणाला त्यावरून आपापली जुनी चित्रं पुन्हा तपासावी लागली म्हणे. त्यांनी तिला शिव्या दिल्या असतील, असा माझा अंदाज आहे.

मला वाटलं होतं, आता माझी रवानगी माळ्यावर. गंधालीनं नवी, खरी चकती छापून पाठवली, ती उमाताईंनी त्यांच्या प्रयोगशाळेत लावली. मला मात्र जगन्नाथरावांनी हलवू दिलं नाही. माझी सोनेरी पट्टी हल्ली उखडतेय, काचेवर एका कोपऱ्यात कोळ्यानं घर केलंय, आणि ठिपका आहे तिथंच आहे, पहिल्यासारखाच तेजस्वी. खोटं असं लवकर विटत नाही.

तुमच्या घरी भिंतीवर जे काही टांगलेलं असेल, त्याच्याकडे कधीतरी माझ्यासारखं तिरपं बघा, एवढीच माझी विनंती. आणि ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त भरवसा आहे, त्याच्यापासून सुरुवात करा.

परवा नवे शेजारी आले होते. बाई माझ्यापाशी येऊन कौतुकानं म्हणाल्या, "हाच ना तो, तुमच्या मुलीनं शोधलेला तारा?" मी जगन्नाथरावांकडे पाहिलं. एक "हो" म्हणून चहा मागवला असता तर कुणाला कळलं नसतं.

"न्हाई वहिनी," ते म्हणाले आणि खुर्ची माझ्यासमोर ओढली. "तो खोटा हाय. बसा, सांगतो."